एका मराठी ब्राउझर एक्स्टेन्शनचे विभाजन: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठी मजकुरासाठी बनवलेल्या एका मोफत ब्राउझर एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या साधनाचे आहे. त्याचे नाव आणि ते वापरणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. एक्स्टेन्शन सांभाळणारे आम्ही तिघे: कोड लिहिणारा मी, शब्दसंग्रह आणि लेखननियम पाहणारे एक निवृत्त मुद्रितशोधक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आणि वापरकर्त्यांच्या पत्रांना उत्तरे देणारी एक विद्यार्थिनी.

सुरुवातीला या एक्स्टेन्शनचे काम एकच होते. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर एका चौकटीत टाकायचा आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या प्रमाणित अक्षर-संकेतांत, बदलून घ्यायचा. हे काम वाटते तितके सरळ नसते. या फॉन्टांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळावा लागत असल्याने प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी नेऊन ठेवावा लागतो. त्यातही ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ अशा शब्दांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र फार त्रास देतो. नियम जरा चुकला की ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’ होते. शिवाय हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर सापडतोच असे नाही. काकांनी यासाठी तयार केलेले नियम हा आमच्या एक्स्टेन्शनचा खरा ठेवा होता आणि आजही आहे.

पुढे मागणी होत गेली तशी कामे वाढली. कोणत्याही संकेतस्थळावरील चौकटीत उच्चारानुसार मराठी टाइप करण्याची सोय आली, मग शब्दावर दोनदा क्लिक केल्यावर अर्थ दाखवणारी छोटी खिडकी आली आणि शेवटी शुद्धलेखनाच्या चुकांखाली रेघ ओढणारी तपासणी आली. यातील प्रत्येक भर त्या त्या वेळी योग्यच वाटली होती. मात्र टंकनाची सोय आली त्याच दिवशी एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांवरचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागावी लागली, या गोष्टीकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही.

अडचण कशी समोर आली

२०२३ च्या दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदम पुढ्यात आल्या. क्रोमने एक्स्टेन्शनांची जुनी रचना बंद करून मॅनिफेस्ट व्ही३ ही नवी रचना सक्तीची करण्याचे वेळापत्रक जाहीर केले होते आणि आमचे एक्स्टेन्शन अजून जुन्या रचनेवर होते. जुन्या रचनेत मागे सतत चालू राहणारे एक पान असे आणि आम्ही सारा शब्दसंग्रह तिथे स्मृतीत भरून ठेवला होता. नव्या रचनेत त्या पानाची जागा सर्व्हिस वर्कर, म्हणजे गरजेपुरताच जागा होणारा कोड, घेतो आणि काही काम नसेल तर तो साधारण ३० सेकंदांत बंद होतो. त्यामुळे पुष्कळसा कोड नव्याने लिहावा लागणार हे ठरलेलेच होते, आणि एवढे घर उघडून ठेवायचेच आहे तर एकाची चार करावीत का, असा प्रश्न मीच प्रथम मांडला.

दुसरी गोष्ट म्हणजे एक पत्र. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून काम करणाऱ्या एका दस्तलेखकाने ते पाठवले होते. त्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतले खरेदीखतांचे आणि गहाणखतांचे नमुने होते आणि ते युनिकोडमध्ये आणण्यासाठी ते आमचे एक्स्टेन्शन रोज वापरत. त्यांनी लिहिले होते: ‘सर, मला फक्त जुना मजकूर बदलून हवा असतो. त्यासाठी माझ्या सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची परवानगी कशाला लागते? याच कॉम्प्युटरवर पक्षकारांची कागदपत्रे असतात.’

त्यांची शंका रास्त होती. आम्ही कोणाचा मजकूर कुठे पाठवत नव्हतो, परंतु हे त्यांनी केवळ आमच्या शब्दावर का मानावे? २०२१ च्या फेब्रुवारीत ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन, मालकी बदलल्यानंतर त्यात घातक कोड आढळल्यामुळे, क्रोमच्या स्टोअरमधून काढले गेले होते. ते बसवताना लोकांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला होता तो माणूस वेगळा होता. परवानगी मात्र माणसाला दिलेली नसते, ती एक्स्टेन्शनला दिलेली असते, आणि मालक बदलला तरी ती तशीच राहते.

त्याच आठवड्यात मी स्टोअरचा अर्ज नव्याने भरायला बसलो. एक्स्टेन्शनचा हेतू एकच आणि सहज समजेल असा असावा, हा क्रोमच्या स्टोअरचा नियम २०१३ पासूनचा आहे. अर्जात हा हेतू लिहावा लागतो आणि मागितलेल्या प्रत्येक परवानगीचे कारणही द्यावे लागते. ‘मराठी मजकुरासाठी उपयुक्त साधने’ असे मी लिहिले आणि खोडले. हे कपाटाचे वर्णन झाले, कामाचे नव्हे. त्यानंतरचे प्रत्येक वाक्य ‘आणि’ने लांबत गेले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बाहेरून काहीच न बदलण्याचा होता: आतला कोड नीट वेगळा करायचा, नव्या रचनेवर आणायचा आणि एक्स्टेन्शन एकच ठेवायचे. माझ्या मूळ तक्रारीला, म्हणजे कोड अवजड झाल्याला, एवढा उपाय पुरेसा होता, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. कोड सुटसुटीत करण्यासाठी वापरकर्त्याच्या संगणकावरचे एक्स्टेन्शन तोडावे लागत नाही. पण दस्तलेखकांच्या प्रश्नाला या पर्यायात उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय चार कामांची चार एक्स्टेन्शन करण्याचा होता आणि सुरुवातीला मी त्याच्याच बाजूने होतो. तो मागे पडण्याची कारणे व्यवहारातली होती. आम्ही क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही स्टोअरमध्ये आहोत, म्हणजे चार एक्स्टेन्शनांच्या आठ नोंदी, आठ परीक्षणे आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ वेळा प्रकाशन आले. नव्या रचनेत बाहेरून आणलेला कोड चालवता येत नाही, त्यामुळे काकांच्या नियमांचा कोडही चारही पाकिटांत वेगवेगळा भरावा लागला असता. एकात सुधारलेला अर्धा र दुसऱ्यात जुनाच राहिला, तर त्याच माणसाने टाइप केलेले ‘कऱ्हाड’ आणि रूपांतरित केलेले ‘कऱ्हाड’ एकमेकांशी जुळले नसते. काका म्हणाले, ‘अरे, माणूस लिहायला बसतो तेव्हा तो चार कामे करत नसतो, एकच करत असतो.’

तिसरा पर्याय ऐच्छिक परवानगीचा होता. एक्स्टेन्शन एकच ठेवायचे, बसवताना व्यापक परवानगी मागायची नाही आणि टंकनाची सोय कोणी प्रथम चालू करील तेव्हाच ती मागायची. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय चांगला होता आणि आम्ही त्याला द्यायला हवा होता तेवढा वेळ दिला नाही. तेव्हा दोन हरकती निघाल्या: स्टोअरच्या अर्जातला हेतू तरीही एका वाक्यात बसत नव्हता, आणि टंकन वापरणाऱ्यांत वयस्क मंडळी बरीच असल्याने मध्येच उघडणारी परवानगीची चौकट त्यांना गोंधळात टाकील अशी भीती होती. दुसरी हरकत आम्ही तपासून पाहिली नाही, नुसती धरून चाललो.

रेघ कुठे ओढायची

कोणत्या कामाला खरोखर कोणती परवानगी लागते याचा तक्ता विद्यार्थिनीने मांडला, आणि त्यानंतर चर्चा पुढे सरकली. तोवर आम्ही कामांची नावे घेऊन वाद घालत होतो.

टंकन आणि शुद्धलेखन तपासणी यांना पानावरच्या चौकटीत हात घालावाच लागतो, तेथे व्यापक परवानगीला पर्याय नव्हता. रूपांतराला एकाही संकेतस्थळाची परवानगी लागत नाही, कारण मजकूर वापरणारा स्वतः आणून एक्स्टेन्शनच्या पानावर टाकतो. अर्थ दाखवण्याचे काम मधले निघाले. शब्दावर दोनदा क्लिक केले की खिडकी उघडावी असे हवे असेल, तर प्रत्येक पानावर आमचा कोड आधीपासून बसलेला असावा लागतो. तेच काम उजव्या क्लिकच्या यादीतून केले, तर निवडलेला शब्द ब्राउझर स्वतःच एक्स्टेन्शनच्या हाती देतो आणि त्यासाठी पान वाचण्याची परवानगी लागत नाही. क्रोमच्या ११६ व्या आवृत्तीपासून अशा क्लिकनंतर बाजूचे पॅनेलही उघडता येते, म्हणून अर्थ तिथे दाखवायचे ठरले. एका सवयीची किंमत देऊन आम्ही एवढी मोठी परवानगी टाळू शकत होतो.

तक्ता पाहिल्यावर रेघ आपोआप दिसली. पान वाचावे लागणारी कामे एकीकडे आणि न लागणारी दुसरीकडे, म्हणजे चार नव्हे तर दोन एक्स्टेन्शन. रूपांतर आणि अर्थ यांचा हेतू एकच म्हणावा का, याबद्दल मला शंका होती. जुने दस्त युनिकोडमध्ये आणणाऱ्यालाच ‘पोटहिस्सा’ किंवा ‘बिनशेती’ अशा शब्दांचा अर्थ पाहण्याची गरज पडते, हे काकांनी पत्रांचे दाखले देऊन दाखवले तेव्हा मी ते मान्य केले.

जुनी ओळख कोणाकडे ठेवायची

सर्वांत कठीण निर्णय हा होता, आणि सुरुवातीला तो निर्णय आहे हेसुद्धा आमच्या लक्षात आले नव्हते. प्रत्येक एक्स्टेन्शनला स्टोअरमध्ये एक कायमची ओळख असते. अपडेट त्या ओळखीला मिळतात, साठवलेली माहिती तिच्याशी बांधलेली असते, अभिप्राय तिच्या नावावर जमतात. विभाजन झाले तरी ती ओळख एकालाच मिळते. दुसऱ्याची सुरुवात शून्यापासून होते आणि लोकांना ते स्वतः शोधून बसवावे लागते, कारण आपले दुसरे एक्स्टेन्शन कोणाच्या संगणकावर परस्पर बसवण्याची सोय नाही, आणि नाही तेच बरे.

माझे म्हणणे असे की जुनी ओळख रूपांतराकडे ठेवावी. एका अपडेटसरशी सर्वांच्या संगणकावरून व्यापक परवानगी निघून गेली असती आणि ज्यांना टंकन हवे त्यांनी समजून-उमजून नवे एक्स्टेन्शन बसवले असते. यासाठी मी एक उदाहरणही दिले. जाहिराती रोखणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन बनवणाऱ्या रेमंड हिल यांनी मॅनिफेस्ट व्ही३ साठी लिहिलेले ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ २०२२ मध्ये वेगळे एक्स्टेन्शन म्हणून प्रकाशित केले, जुन्यावर अपडेट म्हणून ढकलले नाही. वापरणाऱ्याने निवड स्वतः करावी, हे मला त्यातून घ्यायचे होते.

काकांनी तेच उदाहरण माझ्या विरुद्ध वापरले. तिथे जुने एक्स्टेन्शन जसेच्या तसे चालू राहिले होते, कोणाच्या हातातले काम काढून घेतले गेले नव्हते, हा त्यांचा मुद्दा. एखाद्या आजोबांनी सकाळी मुलाला पत्र लिहायला घेतले आणि मराठी अक्षरच उमटले नाही, तर ते आमची सूचना शोधत बसणार नाहीत, संगणक बिघडला असे समजून तो बंद करतील. रूपांतरासाठी माणूस आपणहून आपल्या दारात येतो, तेव्हा तिथे पाटी लावता येते; टंकन बोटांखाली होते आणि तिथे पाटी वाचायला कोणी थांबत नाही. मला हे पटले. जुनी ओळख टंकनाकडे राहिली.

याची किंमत आम्ही जाणूनबुजून स्वीकारली. ज्या दस्तलेखकांच्या पत्रामुळे हे सारे सुरू झाले, त्यांच्याच संगणकावर व्यापक परवानगी असलेले जुने एक्स्टेन्शन ते स्वतः काढेपर्यंत राहणार होते. म्हणून जुन्या रूपांतराच्या पानावर एक सूचना ठेवली: नवे एक्स्टेन्शन बसवा, ‘यादी हलवा’ हे बटण दाबा आणि टंकन वापरत नसाल तर ‘जुने काढून टाका’ हे बटण दाबा. एक्स्टेन्शनला स्वतःला काढून टाकण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे ते बटण देणे सोपे होते. ते इतके सोपे असणे पुढे महागात पडले.

अंमलबजावणी आणि घडलेली चूक

प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची दुरुस्ती-यादी असते. आपल्या भागातल्या गावांची आणि आडनावांची रूपे चुकत असतील, तर तो ती एकदा सुधारतो आणि पुढच्या वेळी ती आपोआप बरोबर येतात. ही यादी जुन्या एक्स्टेन्शनच्या स्थानिक साठ्यात होती. एका एक्स्टेन्शनचा साठा दुसऱ्याला वाचता येत नाही, म्हणून जुन्याने यादी संदेशाने पाठवायची, नव्याने ती घेऊन पोच द्यायची आणि पोच आली की जुन्याने ‘यादी हलवली’ असे दाखवायचे, अशी व्यवस्था केली.

त्याच वेळी मी एक सुधारणा करायला गेलो. यादी सर्व संगणकांवर मिळावी म्हणून नव्या एक्स्टेन्शनमध्ये ती स्थानिक साठ्याऐवजी खात्याबरोबर फिरणाऱ्या सिंक साठ्यात ठेवली. या साठ्यात एका नोंदीला ८,१९२ बाइटांची मर्यादा असते. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्रा हीदेखील वेगळी चिन्हे असतात. म्हणजे एका नोंदीत जेमतेम २,७०० चिन्हे मावतात. मी सारी यादी एकाच नोंदीत लिहीत होतो. आमच्या तिघांच्या याद्या छोट्या होत्या, त्यामुळे चाचणीत काही दिसले नाही.

मोठी यादी आली की लिहिणे अपयशी ठरत होते आणि ती चूक माझा कोड कुठेच दाखवत नव्हता. पोच यादी मिळाल्याची होती, जपून ठेवल्याची नव्हती. त्यातून, आलेली यादी सर्व्हिस वर्करच्या स्मृतीत थोडा वेळ राहत असल्यामुळे लगेच करून पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसे. वर्कर बंद झाला की यादी नाहीशी होई. तोवर कोणी ‘जुने काढून टाका’ दाबले असेल, तर जुना साठाही पुसला गेलेला असे.

नवी आवृत्ती आम्ही २०२४ च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रकाशित केली. तिसऱ्या दिवशी त्याच दस्तलेखकांचे पत्र आले. आमच्या सूचना त्यांनी अक्षरशः पाळल्या होत्या. दोन वर्षांत जमवलेली गावांची आणि आडनावांची यादी गेली होती, आणि मार्चअखेरची गर्दी समोर उभी होती. ज्यांनी विश्वासाचा प्रश्न विचारला त्यांचाच विश्वास आम्ही मोडला, ही बोच अजून गेलेली नाही.

त्याच रात्री आम्ही ‘जुने काढून टाका’ हे बटण काढले, यादी पुन्हा स्थानिक साठ्यात आणली आणि नव्या आवृत्तीत पोच देण्याआधी लिहिलेली यादी परत वाचून नोंदी मोजण्याची अट घातली. गेलेली यादी मात्र कोडने परत येणार नव्हती. काकांनी दोन संध्याकाळी त्या गृहस्थांबरोबर फोनवर बसून, त्यांचे जुने नमुने एकेक उघडत, नेहमी लागणारी नावे पुन्हा भरून दिली. सगळी भरली गेली नाहीत.

परिणाम

रूपांतर आणि अर्थाचे नवे एक्स्टेन्शन बसवताना आता परवानगीचा कोणताही इशारा दिसत नाही, आणि त्याबद्दल विचारणा करणारे पत्रही आलेले नाही. स्टोअरच्या अर्जात दोन्हींचा हेतू प्रत्येकी एका वाक्यात मावला. दोनदा क्लिक करण्याची सवय असलेल्यांपैकी काहींनी नाराजी कळवली. उजव्या क्लिकचे कारण समजावल्यावर बहुतेकांनी ते स्वीकारले, काहींनी नाही. जुन्या नोंदीवर ‘रूपांतर काढून टाकले’ असे म्हणणारे अभिप्राय बराच काळ येत राहिले, कारण शोधात जुनेच नाव वर येत होते.

देखभाल वाढली. पहिल्या काही आठवड्यांत ‘ॲ’ या अक्षराबद्दलची एक दुरुस्ती टंकनात गेली आणि रूपांतरात जायची राहिली. नंतर दोन्ही पाकिटे एकाच मूळ कोडमधून, एकाच आज्ञेने तयार होतील अशी व्यवस्था केली आणि हा त्रास थांबला.

पुन्हा करायचे झाल्यास

माहिती हलवणे आणि जुने काढणे या दोन गोष्टी एकाच प्रकाशनात कधीही ठेवणार नाही. मध्ये निदान एक महिना जाऊ दिला पाहिजे आणि त्याआधी यादी फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय द्यायला हवी. ती आता दिली आहे. आधी दिली असती तर एवढे नुकसान झाले नसते. साठ्याची जागा बदलणे ही सुधारणाही स्वतंत्रपणे व्हायला हवी होती. प्रकाशनाची तारीख ठरवताना वापरणाऱ्यांचे कॅलेंडर पाहणे, निदान मार्च टाळणे, यासाठी फार अक्कल लागत नव्हती. आम्ही क्रोमच्या मुदतीकडे पाहत राहिलो.

लोकांना आधी विचारायला हवे होते. आम्ही वापराची माहिती गोळा करत नाही आणि करणारही नाही, पण एक्स्टेन्शनच्या पानावर एक साधा प्रश्न ठेवून किती जण कशासाठी येतात हे विचारता आले असते. जुनी ओळख कोणाकडे ठेवायची हा निर्णय आम्ही आलेल्या पत्रांवरून घेतला, आणि ज्यांचे काम सुरळीत चालते ते पत्र लिहीत नाहीत.

ऐच्छिक परवानगीचा पर्यायही मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. उजव्या क्लिकने अर्थ दाखवणे आम्ही जुन्या एक्स्टेन्शनमध्येच आधी करून पाहिले असते, तर व्यापक परवानगी टंकनापुरतीच उरते हे विभाजनाआधी अनुभवाने कळले असते. तेव्हाही आम्ही विभाजनच केले असते असे मला वाटते, पण ते अधिक शांतपणे आणि माहितीच्या आधारावर झाले असते.

सध्या टंकनाच्या एक्स्टेन्शनमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी परवानगी मागण्याची चाचणी आवृत्ती तयार आहे. काकांचा तिला विरोध आहे, आणि या वेळी त्यांनी अट घातली आहे की निर्णयाआधी पाच वयस्क वापरकर्त्यांच्या शेजारी बसून ती परवानगीची चौकट त्यांना प्रत्यक्ष कशी वाटते ते पाहायचे. त्यातल्या दोघांकडे जाऊन झाले आहे.